मिरीचा आवाज

६ ऑगस्ट

भोंगे,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. मुद्दाम लिहिलेलं नाही. हे पत्र प्रेमाचं नाही, कामाचं आहे. तेव्हा कामापुरतंच वाच.

तुझा नवरा काल आमच्या लॅबवर येऊन गेला. सकाळच्या गाडीने आला आणि दुपारच्या गाडीने परत गेला. दारात असा उभा होता की पॉलिशवाली मला म्हणाली, “ताई, दाढ दुखत असल्यासारखा एक माणूस आलाय. त्याला सांगा, इथे नुसत्या कवळ्या बनतात, दाढा काढत नाहीत.” मी मान वर केली तर हा. केस किती पिकलेत गं त्याचे! मी त्याला चहा दिला. अर्धा कप त्याने टेबलावर सांडला, आणि एका आजोबांच्या खालच्या जबड्याचा माझा साचा भिजवून ठेवला. लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो म्हणे. ह्याच्या हाताखालच्या लिफ्टमध्ये मी पाय ठेवणार नाही.

त्याने जे सांगितलं ते असं. तुझ्या घशात गाठ आहे. चांगली नाही. डॉक्टर म्हणतात स्वरयंत्र काढावं लागेल, सगळं. काढलं तर तू जगशील, बोलणं मात्र जाईल. आणि तू सही करत नाहीयेस. का, ते त्याला सांगत नाहीस. “तुमचं ऐकेल ती, ताई,” असं म्हणाला. मी म्हटलं, “माझं? जन्मापासून आजपर्यंत कधी ऐकलंय तिने?” तर रुमाल काढून सांडलेला चहा पुसायला लागला.

तर मी सांगते, सही कर. एवढं सांगायला हे पत्र. फोन करू नकोस. तुझा आवाज पुन्हा माझ्या कानावर पडता कामा नये, असं मी तुला सांगितलं होतं, ते अजून तसंच आहे. तुझा आवाज बसलाय म्हणून त्यात सवलत नाही.

लहानपणी तू रडायला लागलीस की आई म्हणायची, हिला कारखान्यात लावा, भोंग्याचा खर्च वाचेल. त्या भोंग्यावर तू पोट भरलंस, पडद्यावरच्या लोकांच्या तोंडात आवाज घातलास, नाव मिळवलंस. झालं की आता. किती वर्षं वाजायचं? माझ्याकडे माणसं येतात ती बोळकं घेऊन, रडत. दात गेले म्हणजे सगळं गेलं म्हणतात. मग कवळी बसते, आणि पुढच्या महिन्यात तीच माणसं कवळी टोचते म्हणून मालकांशी कडाकडा भांडतात. माणूस कशालाही सरावतो. तूही सरावशील.

तुझ्या आवाजाची महती मला लिहू नकोस. माझ्या घरात टीव्ही नाही आणि मला त्यातलं काही कळत नाही.

ताई

१९ ऑगस्ट

भोंगे,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे.

तू लिहिलंयस, ‘माझा आवाज बंद झाला तर तुला बरंच की ताई, तुझ्या मनासारखं होईल.’ असं लिहायला हात कसा वळला तुझा? मी तुझा आवाज ऐकणार नाही म्हणाले. तो कुणी कापून काढावा असं म्हणाले नव्हते. ह्या दोन गोष्टी तुला एकच वाटतात?

आणि वर साळसूदपणे विचारतेस की मी नक्की कशाने चिडले ते मी कधी नीट सांगितलंच नाही. बरं. एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस.

मिरीचं ते झालं त्याला दोन महिने झाले होते. मी लॅबमध्ये होते. एका मास्तरांचे पुढचे दात मेणात बसवत होते. मालकांनी फळीवर टीव्ही लावलेला, त्यांचा नातू आला होता म्हणून कार्टून चालू होतं. माझी त्याच्याकडे पाठ. आणि पाठीमागून मिरी म्हणाली, “आई, बघ ना, पाय गुदमरतायत माझे.”

मोजे घातले की म्हणायची ते. घाईघाईत, श्वास बाहेर सोडायच्या ऐवजी आत ओढत. जगात दुसरं कुठलंही पोर असं बोलत नाही, आत श्वास घेत. मी उठले. हातातला तापवलेला चाकू मांडीवर पडला, त्याचा डाग अजून आहे. वळून बघितलं तर फळीवर टीव्ही आणि टीव्हीत तुझी ती खार, शेपटी उडवत.

मी तशीच गाडी पकडून तुझ्याकडे आले. आठवतंय? तुला विचारलं, हे काय आहे? आणि तू काय म्हणालीस? “ताई, परदेशातलं कार्टून आहे. खारीचं तोंड हलतच होतं आणि आपलं वाक्य आखूड होतं, संपून गेलं. काहीतरी भरायला हवं होतं. तोंडात तेच आलं.”

तोंडात तेच आलं! माझ्या पोरीचे शब्द म्हणजे काय खिडकीच्या फटीत कोंबायचा कागद? ती होती तेव्हा तू तिच्यासारखं बोलून खार केलीस, तेव्हा आम्ही सगळे हसलो. मिरी स्वतः हसली. ती गोष्ट वेगळी. पण नंतर? मी तिचे कपडे अजून धुवायला टाकले नव्हते आणि तू स्टुडिओत उभी राहून तिच्यासारखं बोलत होतीस. मी म्हटलं, ती खार बंद कर. तू म्हणालीस, “ताई, ती तिथे आहे गं.” मग मी जे बोलले ते बोलले.

आणि नंतरही त्या खारीला किती लाडावून ठेवलंस तू! ती विहिरीत पडते आणि आईला हाका मारते तिथे तर कमाल केलीस. शेवटच्या हाकेआधी जरा थांबतेस, मिरी थांबायची तशी. जनाची नाही तर मनाची तरी लाज वाटायला हवी होती. हे मला पॉलिशवालीने सांगितलं, तिची मुलं बघायची.

डॉक्टरांनी तारीख दिली असेल तर कळव. सही केलीस असं एका ओळीत लिहिलंस तरी पुरे.

ताई

२ सप्टेंबर

भोंगे,

पकडलंस मला. ‘पॉलिशवालीच्या मुलांना मिरी कशी थांबायची हे कुठून माहीत, ताई?’ तुझ्या कोंबडीच्या पायांनी एवढं एकच वाक्य लिहिलंस तरी चाललं असतं. पुढची चार पानं लिहायला नको होती. ती वाचल्यापासून मी कामात दोन चुका केल्यात. एका बाईंच्या कवळीत दाढा उजव्या-डाव्या उलट बसवल्या. मालकांनी त्या गुपचूप सरळ करून ठेवल्या, ह्याचाच मला राग आला.

हो, बघायचे. तुझ्याशी भांडून घरी आले आणि आठवड्याच्या आत टीव्ही घेतला. दुपारी जेवायच्या सुट्टीत लागायची तुझी खार. मी लॅबमधून घरी पळत यायचे, डबा तसाच पिशवीत. हे सुरुवातीला बसायचे शेजारी. मग खार बोलायला लागली की उठून स्वयंपाकघरात जायचे आणि तिथे नळ सोडून ठेवायचे. मग एक दिवस म्हणाले, “हे बंद कर, नाहीतर मी जातो.” मी बंद केलं नाही. त्यांनी बदली मागून घेतली. लोकांना आम्ही नोकरीचं कारण सांगितलं, तुलाही तेच कळलं असेल.

मग एका दुपारी खार बोलली आणि ती खार होती. नुसती खार. दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज. बाई वाईट नव्हती. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले, म्हटलं, सर्दी झाली असेल भोंग्याला. दुसऱ्या दिवशीही तीच बाई, तिसऱ्या दिवशीही तीच. तेव्हा कळलं, तू माझं ऐकलंस. जन्मात कधी ऐकलं नव्हतंस, नेमकं तेव्हा ऐकलंस. तुझ्या हातातलं सगळ्यात मोठं काम सोडलंस, मी सांगितलं म्हणून. टीव्ही मी त्याच महिन्यात विकला. घरात टीव्ही नाही हे मी खरंच लिहिलं होतं.

खरं सांगू? मी तुझ्यावर चिडले ती त्या दिवसापासून. आधीचं चिडणं काहीच नव्हतं.

आता तुझ्या चार पानांबद्दल. त्या कंपनीने सुरुवातीचे भागही नव्या बाईकडून पुन्हा बोलवून घेतले, जुनं काही ठेवलं नाही, असं तू लिहितेस. म्हणजे मिरीचा आवाज कुठेही नाही. आणि तू इतकी वर्षं रोज सकाळी न्हाणीघरात नळ सोडून तिच्यासारखं चार वाक्यं बोलत होतीस. विसरायला होऊ नये म्हणून. नवऱ्यालाही न सांगता. म्हणून सही करत नाहीस. ‘ताई, हे स्वरयंत्र माझं एकटीचं असतं तर कधीच दिलं असतं,’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आपल्या दोघींच्या आयुष्यात हा काय प्रकार झाला गं? मी तिच्या आवाजासाठी नवरा घालवला, तू त्याच्यासाठी जीव घालवायला निघालीस, आणि दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो.

तू विचारतेस मी काय म्हणते. तुझे ते दुसरे डॉक्टर म्हणतात की आधी किरणांचा उपचार करून बघू, कदाचित आवाज वाचेल, कदाचित मोकळाही होईल. पहिले डॉक्टर म्हणतात एवढा वेळ नाही. मागच्या पत्रात मी सही कर म्हणाले होते. आता तेच पुन्हा लिहायला बसले तर पेन चालत नाही. डॉक्टर लोकांना सगळ्यातच घाई असते. थोडे दिवस किरणं घेऊन बघायला काय हरकत आहे? एखाद्या सकाळी जरी तुझा घसा मोकळा झाला ना, तरी मला फोन कर. कितीही वाजता. मी उचलेन. तू काही बोलू नकोस, तिचंच बोल. एकदा. मग सही कर, मी अडवणार नाही.

माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही हे लक्षात ठेव. पण वर बघ, आज आशीर्वाद लिहायला जागा सोडली आहे. हवा असेल तर तूच लिहून घे.

तुझी ताई

२१ ऑक्टोबर

भोंगे,

तुझ्या नवऱ्याचं पत्र आणि तुझं पत्र एकाच दिवशी आलं. त्याचं आधी वाचलं. तो लिहितो, किरणांनी काही झालं नाही. तू आता जिना चढताना कठड्याला धरून उभी राहतेस, श्वास शिट्टीसारखा वाजतो, गिळताना पाणी नाकातून येतं. आणि तरी ऑपरेशन म्हटलं की उठून आत जातेस. मग तुझं उघडलं. तुझ्या पत्रात ह्यातलं अक्षर नाही. तुझ्या पत्रात एवढंच, ‘ताई, काल जवळजवळ आली होती. पहिला शब्द आला. अजून थोडे दिवस दे.’

मी खुर्चीवर बसले ती पॉलिशवालीने दिवे लावले तेव्हा उठले. थोडे दिवस दे म्हणे! मी कोण देणारी? पण मीच दिले होते ना. मीच लिहिलं होतं, हरकत काय म्हणून.

आता मी लिहिते ते नीट वाच, मधे रडू नकोस, श्वास अडकेल.

गेल्या आठवड्यात एक आजोबा आले. रुमालात बायकोची कवळी. बायको वारल्या त्याला वर्ष झालं. ती कवळी त्यांनी काचेच्या कपाटात ठेवली होती, पुसताना पडली आणि दोन तुकडे झाले. मालक म्हणाले, “आजोबा, आता ही घालणार कोण?” ते म्हणाले, “घालायची नाही हो. असू दे.” माझ्याच हातची कवळी निघाली. पुढचा एक दात मी जरा तिरका बसवला होता, कारण त्या बाईंचा स्वतःचा तसाच होता आणि सरळ दातांची त्यांना लाज वाटत होती. मी ती जोडली, घासली, चकचकीत केली, आणि हातात धरून बघत बसले. अगदी त्या हसायच्या तशी हसत होती. पण त्यात बाई नव्हत्या गं. कुठेच नव्हत्या. आजोबांनी ती रुमालात गुंडाळली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेले. त्यांनाही ते माहीत होतं असं मला वाटलं.

भोंगे, मिरी मेली. मी हे आजपर्यंत कधी लिहिलं नाही, बोलले नाही. ‘ते झालं’ म्हणते, ‘त्या वेळी’ म्हणते. ती तापाने मेली, माझ्या मांडीवर, आणि मी अजूनही वाट बघत होते. टीव्हीसमोर बसून वाट बघितली, मग तुझ्या फोनची वाट बघितली. रोज लॅबमध्ये फोन वाजला की हातातलं मेण सोडून धावत होते. तुझा घसा बंद होत होता आणि मी त्यातून माझी पोर बाहेर येईल म्हणून कान लावून बसले होते. मला माझीच शिसारी आली, खरं सांगते.

ती तुझ्या घशात नाही. तिथे गाठ आहे.

तू विचारशील, मग तू इतकी वर्षं काय सांभाळलंस? हेच मला त्या तिरक्या दातावरून सुचलं. तो दात मी तसा बसवला, कारण मी त्या बाईंकडे नीट बघितलं होतं. तू माझ्या पोरीचं बोलणं नीट ऐकलं होतंस. मी तिची आई, मी काय ऐकत होते? मोजे घाल, गप बस, मध्ये मध्ये करू नकोस. तिचं बोलणं म्हणजे मला कामात अडथळा. तू महिन्यातून एकदा यायचीस आणि आल्या आल्या फरशीवर पालथी पडायचीस, हनुवटीखाली हात, आणि तिचं ऐकत राहायचीस. ती श्वास आत घेत बोलते हे मला तू सांगितल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, पोरीला दम लागतो.

लोक म्हणायचे, काय गोड गळा आहे हिचा. मीही तेच धरून बसले, आणि तूही. तुझं काम गळ्यात नव्हतंच. कानात होतं, आणि कानाच्या मागे तुझं जे काय आहे तिथे होतं. आपल्या सगळ्या घरात तेवढं एकच माणूस असं ऐकणारं होतं. ते कुणी कापून काढत नाहीये. आवाज गेल्यावर मी कोण उरणार, असं तुला वाटत असणार, हे मला पहिलं पत्र लिहितानाही कळत होतं. मला त्या वेळी उत्तर आलं नाही म्हणून मी कवळ्यांचं काहीतरी लिहिलं. आज येतंय. तिला ऐकणारी मावशी उरेल, आणि मला तीच हवी आहे.

सही कर. ह्या वेळी मी काही मागत नाही. शनिवारी मी येते. मला आत घेतलं नाहीस तर तुझ्या नवऱ्याच्या हातचा चहा पिऊन दारात बसेन, आणि तो चहा कसा असतो ते मला आता माहीत आहे.

तुझी ताई

२ डिसेंबर

भोंगे,

काल तुझ्याकडून निघाले तेव्हा तू झोपली होतीस. मानेतल्या नळीतून श्वास नीट येत होता, पाच मिनिटं उभं राहून ऐकला आणि मग निघाले. हे पत्र तुझ्या नवऱ्याच्या हातात न देता थेट तुला द्यायला परिचारिकेला फोन करून सांगितलं आहे. का, ते पुढे वाच.

डॉक्टरांनी काय काढलं ते तुला सांगितलं. काय राहिलं ते सांगितलेलं नाही. मानेतल्या गाठींत उतरलंय ते, आणि खालीही. तुझ्या नवऱ्याने माझे पाय धरले, “ताई, तिला सांगू नका, तेवढं करा.” मी त्याला हो म्हणाले. आणि गाडीत बसल्यावर ठरवलं की सांगायचं. इतकी वर्षं आपण तिघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही, त्यातून कुणाचं काय भलं झालं? तू लिफ्टवाल्यावर रागावू नकोस. त्याच्यात बळ नाही, प्रेम आहे.

पावसाळा संपता संपता काढलं असतं तर वेगळं झालं असतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, पण लवकर झालं असतं तर बरं. ते दिवस मी मागून घेतले होते, भोंगे. माझ्या अक्षरात तुझ्याकडे आहे ते. मी माफी मागत नाही, कारण तू पाटीवर लगेच ‘बरं बरं’ लिहून मोकळी होशील. तू चिडावंस असं मला वाटतं. मी किती वर्षं चिडले, त्यातली थोडी तरी तू चीड. अजून किती दिवस आहेत ते कुणी बोलत नाही. ‘बघू’ म्हणतात. ‘बघू’ म्हणजे काय ते मला मिरीच्या तापापासून माहीत आहे.

आता दुसरं. औषधाच्या गुंगीत तुला कितपत आठवतंय कोण जाणे, म्हणून लिहून ठेवते.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस, पाटी मागितलीस. मला वाटलं, पाणी हवंय. तर लिहिलंस, ‘मिरीचं बोल.’ मी म्हटलं, “मला नाही येत.” तू पाटीवर बोट आपटलंस. मग जिन्यातलं वाक्य लिहिलंस, ‘आई, आता मी खाली उतरू की वर जाऊ?’ मी ते साफ विसरले होते. ती आमच्या जिन्यात अर्ध्यावर अडकली होती, हातात तुझी पिशवी होती, तू वरून बघत होतीस आणि मी खाली भाजीवालीशी घासाघीस करत होते.

मी बोलले. तू मान हलवलीस. पुन्हा बोलले. पुन्हा नाही. पाटीवर लिहिलंस, ‘श्वास आत.’ मी आत घेतला तर ठसका लागला. परिचारिका धावत आली, “मावशी, पेशंटला त्रास देऊ नका.” मी म्हटलं, “अहो, पेशंटच मला त्रास देतेय!” तुझे खांदे हलले. हसत होतीस, आवाज नव्हता, नळीत नुसतं खरखरलं. मग लिहिलंस, ‘घाई नको. ती विचारतेय, रडत नाहीये.’ मग, ‘परत.’ मग पुन्हा, ‘परत.’ पाच दिवस तू मला त्या एका वाक्यावर उभं ठेवलंस. स्टुडिओतही तू नव्या मुलींना अशीच रडवायचीस म्हणे, तुझा नवरा सांगत होता. शेवटच्या दिवशी मी बोलले आणि तू मान हलवली नाहीस. डोळे मिटलेस. ते बरोबर आलं म्हणून की दमलीस म्हणून, ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

काल दुपारी घरी पोचले. जिना चढताना अर्ध्यावर थांबले, गुडघ्यामुळे. वरखाली कुणी नव्हतं. म्हटलं, बघू या. तू शिकवलंस तसं, श्वास आत घेत, न घाबरता, “आई, आता मी खाली उतरू की वर जाऊ?”

चांगलं नाही झालं. म्हातारी बाई पोराची नक्कल करतेय असंच वाटलं असेल कुणी ऐकलं असतं तर. पण ते वाक्य संपलं आणि मी काही ठरवलेलं नसताना माझ्याच तोंडून माझ्या आवाजात उत्तर आलं, “थांब तिथेच, मी आले.”

त्या दिवशी मी हेच म्हणाले होते गं. भाजी तशीच टाकून धावत वर गेले होते. मी सगळ्याच वेळी गप बस म्हणाले नव्हते. मी पायरीवर बसले आणि रडले, मोठ्याने, तोंड उघडं टाकून, मिरी मेली त्या दिवशीही रडले नव्हते तशी. खालच्या मजल्यावरचे सगळे बाहेर आले. कुणीतरी पाणी आणलं. मला कुणाची लाज वाटली नाही.

मी वर पोचेपर्यंत ती त्या पायरीवर उभी राहून अजून काहीतरी बोलत होती. काय ते मला आठवत नाही. मी धावत होते, मला नीट ऐकू आलं नाही. तू ऐकलं असशील. पाटीवर नको, पुसून जाईल, कागदावर लिही. एक वाक्य झालं की पुढचं लिही, तुला आठवतं ते सगळं. हात दुखला तर लिफ्टवाल्याला खुणेने सांग, तो लिहील, चुका करेल, मी समजून घेईन.

लॅबमधून रजा मिळाली आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. तोवर थांब.

तुझी ताई